गोळ्या फाकू लागल्या

३ नोव्हेंबर

आजही तेच! मागच्या महिन्यात टार्गेटवर माझ्या दहा गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. आज बशीसुद्धा पुरली नसती. निवड चाचणी तोंडावर आलीय.

कोच म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं.” सगळे हसले. मीही हसले.

५ नोव्हेंबर

दस्त्याचे स्क्रू आवळले. नेम धरायची साइट काढून पुन्हा बसवली. काडतुसंही नवी आणली. फरक शून्य.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “दोष खांद्यात असतो, रायफलीत नाही.” नेमबाजी त्यांनीच शिकवली. निवृत्त झाल्यापासून माझी रायफल तेच साफ करतात, त्या कामाला मला हातसुद्धा लावू देत नाहीत. मग दोष माझाच असणार.

६ नोव्हेंबर

रडले. बाकी काही नाही.

९ नोव्हेंबर

शेजारच्या लेनवरच्या मुलीला माझी रायफल दिली. तिच्याही गोळ्या फाकल्या! म्हणजे मी नाही — जीव भांड्यात पडला. पण मग घोडं पेंड खातंय कुठं?

१४ नोव्हेंबर

शेवटी बंदूक दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेले. तोंडानं फटकळ. नळीच्या तोंडावर भिंग धरलं आणि माझ्यावरच डाफरल्या, “अहो, ही कड एका बाजूनं झिजलीय! गोळी बाहेर पडतानाच कलंडते. साफ करायचा गज पुढून, तोंडाकडून घालून कोण घासतंय?”

आमच्या घरात? शक्यच नाही. गज नेहमी मागून घालायचा — लहानपणी चुकले तर बाबा बोटांवर पट्टी मारायचे.

नळीची कड नवी कापून देते म्हणाल्या, पण दोन-तीन दिवस लेथ मशीन मोकळं नाही. रायफल घरी आणली.

१५ नोव्हेंबर

कामावरून दुपारीच आले. बाबा खिडकीपाशी बसले होते. गज पुढून घालत होते. खसाखसा, भांडं घासावं तसं. मग तेल लावलं, रायफल पेटीत ठेवली, हात पुसले. मी दारातच उभी. विचारणारच होते — तेवढ्यात त्यांनी पेटी पुन्हा उघडली.

“अरेच्चा, आज साफ करायची राहिलीच की!”

मी चपला न काढता परत जिन्यात जाऊन बसले.

१६ नोव्हेंबर

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

“माहीत आहे मला. परवा दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावर उभे राहिले. घर कुठलं ते आठवेना. वाण्यानं आणून सोडलं.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“तुझी चाचणी होऊ दे म्हटलं.”

तिच्यापुढचा टॉवेल घेतला आणि घडी घालायला लागले. तीही नीट जमेना.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या लिहून दिल्या. “सुधारेल ना?” असं विचारलं. “सांभाळा,” एवढंच म्हणाले.

१९ नोव्हेंबर

बाईंनी कड कापून दिली. गोळ्या पुन्हा एकावर एक! टार्गेट घेऊन धावत घरी आले, बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, भोकांवरून बोट फिरवलं. चेहरा कसा खुलला!

“वा! श्वास बघा किती स्थिर आहे. ही पोरगी पुढे जाणार.” मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं विचारलं, “कुणाची हो?”