टाचलेली दोन पानं

अहो,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कागद लिहायची पाळी कधी आली नाही. हाक मारली की झालं. आता हाक पोचत नाही म्हणून पेन्सिल धरली. दुसऱ्या इयत्तेचं अक्षर आहे, हसू नका.

परवा आपल्या होडीवरचा भिकू पडवीत जाळं शिवायला बसला आणि म्हणाला, "वैनी, होड्या वर घेतल्या, जाळी काढली, पण यंदा वाचणार कोण?" होडी हाकणारे तांडेल तुम्ही, वाचणारेही तुम्हीच. दर आषाढात तीच एक कादंबरी, मुंबईच्या आगबोटीने आलेली. दर्याजी सरदार चाच्यांशी लढतो, त्याचा भाऊ डोळ्यांदेखत बुडतो, तरी डोळ्याला पाणी नाही. "त्याने सुकाणू धरलं," असं तुम्ही वाचायचात आणि जाळी शिवणाऱ्या सगळ्यांचे हात थांबायचे. मी आत भाकऱ्या थापताना म्हणायचे, हा माणूस आहे की नांगर?

आपली लेक चंपा तापाने गेली तेव्हा तुम्हीही तेच केलंत. अंगणात जाळं विणत बसलात. मी एकटी रडले. त्याचा राग मी सात वर्षं धरला होता, आज सांगते.

बाळूलाही तेच शिकवलंत. पाय कापला तरी तुमचं एकच, "दर्याजी रडला काय रे कधी?" आता तो लग्न झालेला बाप्या, पण शिकवण पक्की बसली. वैशाखात होडीवर तुमची छाती दाटली आणि तुम्ही गेलात. त्याने सुकाणू धरून तुम्हाला मिरकरवाड्याच्या बंदरात आणलं. तेव्हापासून एक थेंब नाही. लोक म्हणतात, "बापासारखा धीराचा." धीर कसला? धड जेवत नाही, बायकोशी बोलत नाही, होडीकडे पाठ करून बसतो. काल म्हणाला, "आये, नारळी पुनवेला मी दर्यात जाणार नाय. होडी विकून टाक."

तुमची होडी विकू?

मग मीच ते पुस्तक काढलं. एकेक अक्षर जुळवत गेले. भाऊ बुडतो तिथे दोन पानं एकमेकांना टाचलेली. जाळ्याचं सूत, गाठ तुमची. फाटलं म्हणून शिवलं असेल, असं वाटलं. सूत कापलं. आत काय? दर्याजी सुकाणू सोडून फळीवर कोसळतो आणि खलाशांसमोर लहान पोरासारखा रडतो. त्याला कोणी हसत नाही. एक म्हातारा खलाशी मुकाट्याने सुकाणू धरतो. उजाडल्यावर दर्याजी उठतो, तोंड धुतो आणि सुकाणू परत घेतो.

इतकी वर्षं हे गाळून वाचलंत?

पुस्तक आपटणारच होते. तेवढ्यात पानांची कड दिसली. एकदा टाचलं तर चार भोकं पडतील. इथे तर चाळणी झालेली. म्हणजे तुम्ही सूत उसवायचात, एकटे वाचायचात, परत टाचायचात. कितीदा? चंपा गेली तेव्हाही? मी घरातच होते ना हो. मला का नाही बोलावलंत? दोघांनी मिळून रडलो असतो, तर काय होडी बुडणार होती?

जाऊदे. तुमच्याशी भांडायची वेळ गेली, बाळूची नाही गेलेली.

आज दुपारी सगळे पडवीत येतील. भिकूला सांगितलं, वाचणारी मी. म्हणतो कसा, "वैनी, तुम्ही? संध्याकाळपर्यंत एक पान होईल."

"होऊदे. दोनच वाचायची आहेत," म्हटलं.

बाळू उठून जायला लागला तर दारात पाट टाकून बसेन. अडखळेन, चुकेन, पण एक अक्षर गाळणार नाही. पानांची भोकंही त्याच्या हातात देईन, बापाची आहेत म्हणून. आज नाही रडला तर उद्या परत वाचीन, पुनवेपर्यंत रोज वाचीन. होडी विकणार नाही, आणि ती पानं पुन्हा टाचणार नाही. तुमचं कापलेलं सूत मी बाळूच्या जाळ्याला लावलंय.

त्याला रडू आलं की सुकाणू थोडे दिवस भिकू धरील. मी त्याला विचारून ठेवलंय.

बाळूची आई