सायकल पुन्हा मळली आहे

प्रिय भिंगरी,

तुझी सायकल पुन्हा मळली आहे. तब्येत कशी आहे, झोप लागते का, हे सगळं नंतर विचारते, आधी हे. आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या माझ्या भाचीला सांगते, की पोरी, तुझ्या आईला आता अक्षरं लागत नाहीत म्हणून मला तुझ्या तोंडून बोलावं लागतंय. तेव्हा मधली वाक्यं गाळायची नाहीत, ‘मावशीचं आपलं काहीतरीच’ म्हणून हसायचं नाही, आणि पटलं नाही तरी शेवटपर्यंत वाचायचं.

भिंगरी, तुला झटका आला, डावी बाजू गेली, आणि लेक तुला तिच्या शहरात घेऊन निघाली, तेव्हा गाडीत बसवताना तू अर्ध्या तोंडाने मला एकच गोष्ट सांगितलीस. घराबद्दल नाही, औषधांबद्दल नाही, माझ्याबद्दल तर नाहीच नाही. ‘सायकल स्वच्छ ठेव.’ मला राग आला होता, लपवत नाही. नवरा गेल्यापासून तू माझ्याकडे राहिलीस, आपण एका ताटलीतलं बिस्किट अर्धं अर्धं खाल्लं, आणि जाताना जीव अडकला तो लोखंडाच्या सांगाड्यात! पण शब्द दिला तो दिला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिला सुट्या लोखंडी स्टँडवर उभी केली आणि रोज सकाळी पुसत आले. सायीच्या रंगाची सायकल घेणाऱ्या माणसाला एकतर मोलकरीण लागते नाहीतर बहीण. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब, जुन्या बनियनचं मऊ फडकं, सांध्यांमध्ये दात घासायचा जुना ब्रश. कोरडं फडकं आधी फिरवायचं नाही, धुळीतली कच रंगावर ओरखडे काढते. साखळीचं फडकं निराळं, सांगाड्याचं निराळं, आणि त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. शेवटी मेणाचा पातळसा हात. इस्पितळाच्या धुलाई विभागात मी उभी हयात काढली आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या चादरीवर डाग राहिला, असं कुणी दाखवून द्यावं.

तर मधे एका सकाळी खालच्या तिरक्या नळीवर चिखल होता. ओला. मागच्या चाकावरून उडतात तशा शिंतोड्यांची रेघ सीटपर्यंत गेलेली. मी आधी चष्मा पुसला, मग चिखल पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मात्र मी सगळ्यांचा समाचार घ्यायला निघाले. वरच्या मजल्यावर तो शिकवण्या घेणारा राहतो ना, शिडशिडीत, त्याच्यावर माझा पहिला संशय. तो म्हणाला, ‘आजी, मला सायकल येत नाही, येत असती तर बससाठी रोज धावलो असतो का?’ आजी म्हणाला मला! रखवालदाराला विचारलं, तर तो खुर्चीतून न उठता म्हणतो, ‘बाई, दाराला आतून कडी तुमची, किल्ली तुमच्या उशाखाली, आणि चोर मी?’ उर्मट आहे, पण बोलला ते खरं होतं. म्हणून मी शिवणाचा पांढरा दोरा घेतला आणि चाकाच्या आऱ्यांतून खिडकीच्या गजाला बांधला. सकाळी पाहिलं तर दोरा जसाच्या तसा, माझी गाठसुद्धा तशीच, आणि चाकांना वर चिखल. खाली फरशी कोरडी. एक थेंब नाही, एक ठसा नाही.

मी घाबरणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये मदरच्या खोलीत शिक्षेला उभी राहूनही मी कधी रडले नाही. रडायचीस तू, आणि तेही बाहेर, माझ्या वाटचं. पण तो चिखल बोटांत चोळून पाहिला आणि दाराची कडी पुन्हा एकदा तपासून आले. विटेच्या भुकटीसारखा लाल, चिकट. असा चिखल या शहरात नाही. तो मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला आहे: शाळेच्या मागच्या कुंपणापलीकडे, कालव्याच्या वाटेवर, जिथे तू माळ्याची सायकल पळवून शिकलीस. सोमवारी मोजे तपासायच्या आधी तुझ्या पांढऱ्या मोज्यांवरचे ते डाग लिंबू आणि मीठ चोळून मीच काढायची. डागांचं सगळं शिक्षण माझं तिथेच झालं, इस्पितळाने नुसता पगार दिला. ती वाट आता नाही, भिंगरी. कालवा बुजवून तिथे गोदामं झाली आहेत. आपण दोघीच पाहून आलो होतो.

त्याच सकाळी, मागच्या चाकाकडे जाणारी डावी नळी पुसायला वाकले, तर तिथे रंग घासलेला दिसला. टाचेने घासलेला. लहानपणी कुंपणावरून पडलीस आणि तुझा डावा पाय जरा बाहेर वळून बसला, तेव्हापासून तू चालवलेल्या प्रत्येक सायकलला नेमकी तिथे, तशी खूण पडायची. मी ओरडायची, ‘पाय आत घे, रंग जातोय,’ आणि तू म्हणायचीस, ‘रंग जातो म्हणून पाय कापू का?’ जुनी खूण तर मी तू गेल्यावर रंगवून घेतली होती. ही ताजी होती. मी खाली फरशीवरच बसले. त्या खुणेवर मी मेण लावलं नाही.

आणि मग पोरी, तुझा फोन आला. तू संतापलेली. आईची काळजी घ्यायला ठेवलेली बाई खोटारडी आहे म्हणालीस. रोज रात्री आईचे पाय पुसून, पांघरूण घालून निजवायचं, आणि सकाळी बघावं तर नखांत लाल माती, उजव्या पोटरीवर काळ्या ग्रीसचा पट्टा. ‘मावशी, जी कुशीवर वळत नाही, तिला ही बया नेते कुठे?’ असं विचारलंस. बाई बिचारी देवाशपथ सांगत होती की ती उंबऱ्याबाहेर गेली नाही. आणि तू आणखी एक म्हणालीस, की आई सकाळी दमलेली असते, पण चेहरा असा, की जणू कुणाला तरी हुलकावणी देऊन आली आहे. मी ‘हो का’ एवढंच म्हणाले. फोनवर हे सांगता येत नाही ग. सांगितलं असतं, तर तू माझ्यासाठीही एक बाई ठेवली असतीस.

फोन ठेवला आणि मी सायकलीशी भांडले. न विचारता बाहेर जायची खोड या वयातही गेली नाही म्हणून भांडले. पण खरी काळजी तुझ्या आईची होती. दमते आहे, पडून राहिली तर टिकेल, असं वाटलं. जन्मभर इस्पितळात काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? विश्रांती, विश्रांती! मी बाजारातून जाड साखळीचं कुलूप आणलं आणि पुढचं चाक खिडकीच्या गजाला जखडलं. दुसऱ्या सकाळी सायकल लख्ख. तिसऱ्या सकाळी लख्ख. पुसायला काही उरलं नाही तरी मी पुसत होते. त्या आठवड्यात, पोरी, तुझा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, चमचा नेला की ओठ मिटते, पाय अगदी स्वच्छ आहेत, आणि डॉक्टर म्हणतात जवळच्यांना कळवून ठेवा. मी फोन धरून सायकलीकडे बघत होते. धुलाईत आम्हाला एक गोष्ट न सांगता कळायची. ज्या खाटेची चादर बिनडागाची, बिनसुरकुतीची परत येते, त्या खाटेवर कुणी नसतं.

कुलूप काढलं आणि अडगळीत टाकलं. चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं, आणि जाऊन पडले. सकाळी सायकल हँडलपर्यंत माखलेली होती. एवढी घाण मी उभ्या जन्मात आनंदाने पाहिलेली नाही. दुपारी तुझा फोन, पोरी: आईने पेज खाल्ली, आणखी मागितली, पण पाय पुन्हा तसेच, तेव्हा त्या बाईला पहिल्या तारखेपासून बंद करते. खबरदार. त्या बाईला काढायचं नाही. तिने काही केलेलं नाही, आणि तिची माफी तू स्वतः मागायची आहेस, माझ्या देखत नसली तरी माझ्या नावाने. पाय मळले तर पुसावेत. जाब विचारू नये.

आता भाचीने जरा सावकाश वाचावं. भिंगरी, मी एवढी शाई त्या बाईसाठी नाही खर्च केली. तू बरी होत नाहीस, हे मला कळतं. डाग ओळखणाऱ्या बाईला बाकीचंही ओळखता येतं. तू रोज त्या नसलेल्या वाटेवर थोडी थोडी पुढे जातेस आणि परत येतेस. एक दिवस यायची नाहीस, आणि सकाळी स्टँड रिकामा असेल. रिकाम्या स्टँडवरून मला ते कळायला नको. म्हणून हे पत्र. सायकलीला कुलूप नाही, आणि आजपासून मी दाराला आतून कडीही लावत नाही, रखवालदार काय बोलायचं ते बोलो. रोज जा, हवं तितकं मळव, मी पुसते. फक्त ज्या दिवशी परत यायचं नसेल, त्या दिवशी माझ्या दारात घंटी वाजव. मी भांडणार नाही. थोडी भांडेन. बाहेर येईन, फडकं ओलं करून तुझे दोन्ही पाय पुसेन, आणि बाजूला होईन.

तुझीच, कान दाराकडे लावून बसलेली,
ताई