गोनताचा निळा हात

४ नोव्हेंबर १९८१, बुधवार

पुन्हा रीटेक! पाचव्या भागातली बावीस चित्रं पुन्हा रंगवायला परत आली. गोनता म्हणजे आमच्या कार्टून मालिकेतला तीन मजली यंत्रमानव. गल्लीतली गटारं उपसतो, लोकांच्या गाद्या उन्हात टाकतो. यावेळी म्हातारीवर छत्री धरतो, आणि नेमका त्याचा हात अंगापेक्षा वेगळा निळा! दिग्दर्शक पडद्यासमोरच ओरडला म्हणे, "हा हात कुणाचा उसना आणलाय?"

तोकुनागा मालकांनी आम्हा रंगवणाऱ्या बायकांना रांगेत उभं केलं. "अजून असंच चाललं तर मालिका दुसऱ्या कारखान्याला जाईल. जिच्या हातून होतंय तिनं आपण होऊन चालू पडावं."

कुणी हललं नाही. शीटवर रंगवणारीचं नाव कुठं असतं!

माझ्या हातून तर नाहीच. एका चित्रासाठी रंगवलेल्या पारदर्शक शीट एकावर एक अशा तीन रचतात. वरच्या दोन शीटांमुळे खालची काळवंडते. म्हणून खालच्या शीटला फिकट निळा, वरच्या शीटला गडद. दोन महिन्यांत झोपेत येतं मला हे. शिकवलं कुणी नाही, इथे बघून शिकायचं असतं. अकिता शहरात हॉटेलात भांडी, मग बसची तिकिटं, मग मासळीबाजार — पहिल्यांदाच कुठं तरी टिकलेय. दुसऱ्या कुणामुळे हाकलून घेणार नाही.

६ नोव्हेंबर

समोरच्या शेतात मुळे उपटतायत. अर्धा तास बघतच राहिले. एक तर तान्ह्या बाळाएवढा! आमच्यातली सगळ्यात लहान इकुमी म्हणाली, "ताई, मुळा नाही, गोनता रंगवायचाय."

९ नोव्हेंबर, सोमवार

सेगावा काकू!

सोळा वर्षं इथे आहेत. चष्मा दोरीनं गळ्यात. माझ्या मागे बसतात, खोकतात, बोलत नाहीत. आज जेवायच्या सुट्टीत सगळ्या खाली अंगणात. माझं लोणचं वर राहिलं म्हणून गेले, तर काकू रंगवलेल्या शीट वाळत ठेवायच्या मांडणीपाशी. एकेक शीट उजेडाला धरून बघतायत. आणि मांडणी माझी!

माझं पाऊल वाजलं तशी शीट ठेवली. "काय गं, जेवलीस?"

जेवलीस म्हणे!

१० नोव्हेंबर

फाटकाशी कॉलेजचे टोणगे रोज उभे. "ताई, गोनताची एक शीट! डाग पडलेली चालेल!" त्यांना कुणी तरी पुरवत असणार. कोण, ते मला आता कळायला लागलंय.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यांनी पाहिलं. काकूंच्या कापडी गाठोड्यात शीट गेल्या. माझ्या मांडणीवर दुपारी चाळीस होत्या, संध्याकाळी एकतीस.

१४ नोव्हेंबर

सकाळी परत चाळीस!! पण नऊंचा रंग नखाला चिकटला. ओला. म्हणजे अस्सल विकायच्या आणि नक्कल आणून ठेवायची? म्हणूनच हात वेगळा निळा!

१६ नोव्हेंबर

काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काजुए, उद्या जरा लवकर ये. माझ्यासमोर तीन शीट रचून दाखव."

"का? मी काय नवी आहे?"

"नवी नाहीस. म्हणूनच तर."

डाव आहे. माझ्यावर ढकलायचंय.

१७ नोव्हेंबर

मुद्दाम उशिरा गेले.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं मालकांना. निघायच्या वेळेला त्यांनी सगळ्यांसमोर गाठोडं सोडायला लावलं. नऊ शीट.

"सोळा वर्षं, काकू!" मालक म्हणाले.

"कालपासून माझ्याकडेच आहेत. उद्या परत आणणार होते."

"पण नेत कशाला होता?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता घेतात माझं नाव! पण चष्मा पुसला फक्त. "चुकलं माझं."

मालकांनी शीट न बघताच कपाटात टाकल्या, म्हणाले, उद्यापासून येऊ नका. काकूंनी ॲप्रनची घडी घातली, प्रत्येकीला वाकून नमस्कार केला. मलासुद्धा.

इकुमी रडायला लागली. म्हटलं, "चोरासाठी काय रडतेस?" तर म्हणाली, "ताई, गप्प बसा हो." एवढीशी पोरगी!

असो. सुटले.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

रीटेक छप्पन्न!

कसे काय? काकू तर गेल्या. म्हणजे अजून कुणी तरी आहे. इकुमी एवढी का रडत होती?

२५ नोव्हेंबर

इकुमीला पकडायचं म्हणून तिच्या शेजारी जाऊन बसले. ती शीट तपासायला रचत होती. कोपऱ्यात 'ए' लिहिलेली तिनं खाली ठेवली. पकडलीच!

"उलटं रचतेस!"

"कुठं उलटं?"

"ए पहिली ना? मग ती सगळ्यात वर."

"ताई... ए पहिली म्हणून आधी ठेवायची. तिच्यावर बी, मग सी. ए सगळ्यात खाली." मग तिचा हातच थांबला. "तुम्ही फिकट निळ्याची बाटली कुठल्या शीटला वापरता?"

सीला. दोन महिने सीला फिकट, एला गडद.

मालक बाहेर गेले होते. कपाट उघडून त्या नऊ शीट काढल्या. सगळ्या माझ्या. चार शीटांवरचा निळा पूर्ण खरवडलेला, कडेची काळी रेघ मात्र जराही न दुखावता. एक अर्धवट खरवडलेली. चार तशाच राहिलेल्या.

अशा किती रात्री माझा निळा खरवडून नव्यानं रंगवत बसल्या असतील? नऊ-नऊ करून. माझ्या चाळिसातल्या जेवढ्या उरकतील तेवढ्या. बाकीच्या परत येत राहिल्या.

इकुमी म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही." ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

२६ नोव्हेंबर

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी सिगरेट विझवली. मग म्हणाले, "जा, काकूंना घेऊन ये. त्या आल्या तर तूही ये."

काकूंच्या दारात उभ्यानंच हे लिहितेय. आत रेडिओ चालू आहे, खोकल्याचा आवाज येतोय. अजून घंटी वाजवलेली नाही.