दारातले बूट

प्रिय उद्यासाहेब,

स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. ज्याच्यासाठी तू चार वर्षं 'उद्या नक्की' म्हणत होतास, तोच. प्लंबरने चहा गार व्हायच्या आत काम संपवलं. बेडरूमची खिडकी आता एका बोटाने सरकते. बाहेरच्या खोलीला रंग दिला. आपण ज्या दोन रंगांवरून भांडलो, त्यांतला एकही नाही. एजंटने सांगितला तो, फिकट, कुणाच्याच आवडीचा नसलेला. अशाने घराला भाव येतो म्हणे.

चांगला भाव यावा, एवढ्या एकाच गोष्टीवर शेवटी आपलं एकमत झालं होतं. म्हणून एजंट सांगेल ते ऐकत गेले. माणूस वाईट नाही, मला ताई म्हणतो. पहिल्याच दिवशी घरभर फिरून म्हणाला, ताई, राग मानू नका, पण इथे एकटं माणूस राहतंय हे लगेच कळतं. नवराबायको वेगळे होताहेत म्हटलं की गिऱ्हाइकाला घाईचा वास येतो आणि ते भाव पाडून मागतं. साहेब फिरतीवर आहेत म्हणून सांगा. मग माळ्यावरच्या खोक्यातून तुझे तपकिरी बूट काढायला लावले. मी ते पुसून दारात ठेवले. तुझा कप ओट्यावर, माझ्या कपाशेजारी. गॅलरीत दुसरी खुर्ची.

लोक बघून गेले की सगळं परत आत ठेवायचं, असं ठरवलं होतं. आधी ठेवलंही. नंतर कंटाळा केला. कंटाळाच म्हण. आता सकाळी दार उघडताना बूट पायात येतात आणि मी पूर्वीसारखीच तुझ्यावर चिडते.

मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं. नवरा भिंती ठोकून बघत होता. बायको सरळ गॅलरीत तुझ्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, इतकं छान चाललंय तुमचं, मग विकताय कशाला? एजंट खोकला. मी म्हटलं, यांची बदली झाली. नवऱ्याने तिला डोळ्यांनीच दटावलं, कौतुक पुरे, भाव वाढेल. तरी आपण मागितला तेवढा भाव त्याने कबूल केला. एजंट खूश आहे.

रविवारी सकाळी व्यवहार पक्का करायला ती दोघं परत येतील. तुझी सही काय, एजंटच्या ऑफिसातही होईल. पण त्या बाईला साहेबांना भेटायचंय, आणि ती पुन्हा तेच विचारणार. मला परत खोटं बोलायला जमणार नाही. खरं कारण शोधायला गेले की नळ आठवतो, खिडकी आठवते, आणि ते तर सगळं दुरुस्त झालं. म्हणून हे लिहिते आहे. ती दोघं यायच्या जरा आधी ये. घर बघ. बूट दारातच आहेत. ती विचारेल तेव्हा उत्तर तू दे. उद्या सांगतो म्हणालास तरी चालेल.

अजून सवयीने,
तुझीच