फर्स्ट बेसवरचा हात

सर, तुम्ही वारलात तेव्हा मी तुमच्या घरी आले होते, पण रडायला नाही. खरंच गेलात का, ते बघायला आले होते. तुमची बायको भिंतीला टेकून बसली होती. तुमच्या नाकात कापूस होता, आणि मैदानावरून अख्ख्या भिवंडीला ऐकू जाणारं ते तोंड कुणीतरी पांढऱ्या पट्टीनं बांधून टाकलं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे काम इतकी वर्षं कुणी कसं केलं नाही. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण जिवंत होतात तोवर तुम्ही कुणाला बोलू कुठे दिलंत? आता त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. आज सुट्टी आहे, घरात कुणी नाही, म्हणून बसले आहे लिहायला.

मी नववीत होते. शाळेच्या तिन्ही बाजूंना लूमचे कारखाने, दिवसभर नुसती खडखड. त्या आवाजावर आवाज चढवायची तुम्हाला सवय लागली होती, आणि शिव्यांची सवय तर जन्माची असावी. तुम्ही मूळचे खो-खोचे. आम्ही मुलीही पाचवीपासून तुमच्याच हाताखाली खो-खो खेळून मोठ्या झालेल्या. मग एका उन्हाळ्यात तुम्ही कुठलंसं शिबिर करून आलात आणि म्हणालात, "खो-खो बंद. कल से बेसबॉल." कारणही लपवलं नाहीत. "खो-खोची टीम गल्लीगल्लीत आहे, तिथे तुम्हाला कुत्रं विचारणार नाही. हा खेळ कुणी खेळतच नाही. राज्यापर्यंत जाल, सर्टिफिकेट मिळेल, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल. समझी क्या?" मी घरी येऊन सांगितलं की सर मला बेस चोरायला शिकवणार आहेत. आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "शालंन चोरी शिकवतान? आनि वर फी पन घेतान?"

पण चोरी तुम्ही शिकवलीत, हे नाकारून चालणार नाही. पिचर बॅटरकडे बॉल टाकते, तेवढ्या वेळात फर्स्ट बेसवरच्या मुलीनं सेकंड बेस गाठायचा, बॅटरमागे बसलेल्या कॅचरचा बॉल तिथे पोचायच्या आत. तुम्ही म्हणायचात की हे पळण्यात नाही, पहिल्या पावलात आहे. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर पायांचे ठसे काढून ठेवायचात. बेसपासून थोडं सरकून उभं राहायचं, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, उजव्या पायाचा अंगठा जरासा सेकंड बेसकडे उघडलेला. सुटताना डावा पाय उजव्याच्या समोरून फेकायचा, डावा हात त्याच्याबरोबर. आधी उभं राहून मग पळायचं नाही. उभं राहण्यात जो वेळ जातो, तेवढ्यातच मुलगी आऊट होते.

आणि माझी खोड नेमकी तीच होती. मी आधी अंग उचलायचे, आणि उजवा पाय जरासा मागे घ्यायचे. तुम्ही काय केलंत? दोन मुलींच्या हातात माझ्या डोक्यावर आडवा बांबू दिलात, आणि माझ्या उजव्या टाचेमागे फुटकं कौल उभं करून ठेवलंत. अंग उचललं की कपाळ बांबूवर, पाय मागे गेला की टाच कौलावर. मी अजून तिथे उभी आहे, सर. कपाळावर टेंगूळ आहे, मोज्यात रक्त आहे, आणि तुम्ही चहाचा कप हातात धरून म्हणताय, "आता येईल अक्कल. डोक्यातून शिरत नव्हती, टाचेतून शिरेल." मुली हसतात. तुम्हाला हसलेलं आवडतं. दिवाळीपर्यंत माझं पाऊल सुधारलं, हेही खरं.

दुसरी खोड कानांची. खो-खोत बसलेली मुलगी स्वतःहून उठत नाही. मागून पाठीवर हात पडतो, "खो!" ऐकू येतो, तेव्हा उठते. आमचं सगळं अंग त्या शब्दावर वाढलेलं. बेसवर उभी राहून मी पिचरकडे बघायच्या ऐवजी कुणाच्या तरी हाकेची वाट बघायचे. तुम्ही मागून मुद्दाम "खो!" ओरडायचात, मी सुटायचे, आणि पिचरच्या हातात बॉल तसाच. "गाढवाला कान असतात, चोराला डोळे," असं म्हणून तुम्ही माझे कान पिरगाळायचात, तेही दोन्ही. पिचरची उजवी टाच हलली तर बॉल आपल्यावर येणार, परत फिरायचं. डावा पाय उचलला तर बॉल बॅटरकडे, सुटायचं. बाकी जग मेलं तरी चालेल. शेवटी तुम्ही घसा फुटेपर्यंत खो ओरडलात तरी मी हलेनाशी झाले. त्या दिवशी तुम्ही शाबासकी दिली नाहीत, नुसता कप खाली ठेवलात.

माझ्याबरोबर दिघाशीच्या पाड्यावरची एक मुलगी होती. भिवंडीत मावशीकडे राहून शिकायची. तिची आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायची. ती अनवाणी पळायची, म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "ए गोडाऊनवाली, घरी बुटांचा एक जोड जास्तीचा असेल ना? आण उद्या." आमचं गाव पूर्णा. तेव्हा तिथे शेतं जाऊन गोदामं उभी राहत होती, आणि बाबांच्या जमिनीवरही पत्रे चढत होते. मी बूट आणले. ते तिला घालताना तुम्ही स्वतः खाली बसून तिच्या नाड्या बांधल्यात. माझ्या टाचेकडे कधी वाकला नव्हतात.

दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर झाली. बाकी जागा भरल्या होत्या. बेस चोरणारी एकच मुलगी हवी होती, आणि उरलो होतो ती आणि मी. बाबांनी सांगून ठेवलं होतं, राज्याला खेळायला गेलीस तर पुढे शीक, नाहीतर पाहुणे बघतो. निवड करणारे दोघे खुर्च्यांवर बसले होते. प्रत्येक रनरच्या मागे तुम्ही उभे, सरावात असायचात तसेच. ती आधी पळाली. चांगली पळाली, पण सेकंड बेसवर थोडक्यात आऊट झाली. मग माझी पाळी. मी सरकले, वाकले, पिचरच्या पायांवर नजर लावली. कान बंद केले होते. तुम्ही काहीही ओरडा, मी हलणार नव्हते.

तुम्ही ओरडला नाहीतच. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. हलकाच, कमरेच्या वर, खो देतात तिथे. कान बंद करता येतात, पाठ कशी बंद करायची? पाचवीपासून त्या हातावर उठणारं अंग उठलं. मी अर्ध्यात पोचले तेव्हा मला कळलं की पिचरनं अजून काही केलेलंच नाही. ती वळली आणि सावकाश बॉल सेकंड बेसला फेकला. तिथली मुलगी बॉल घेऊन माझी वाट बघत उभी होती. खुर्चीवरचे एकजण हसले, म्हणाले, "इसको तो कुछ आताच नहीं." आणि तुम्ही, सर, तुम्हीही हसलात.

संध्याकाळी मी खेळाच्या खोलीत आले. तुम्ही ग्लोव्हजना खोबरेल चोळत बसला होतात. मी विचारलं, "सर, हात का लावलात?" मला वाटलं होतं नाही म्हणाल. तुम्ही मानही वर केली नाहीत. "जागा एक होती. तुझ्या बापाचं गोडाऊन उभं राहतंय, तुला सर्टिफिकेट काय चाटायचंय? त्या पोरीकडे दुसरं काय आहे?" मी म्हटलं, "सर, घरी मला पाहुणे बघतायत." तुम्ही म्हणालात, "गोडाऊनवाल्याच्या पोरीला पाहुणे चांगलेच मिळतात. आता रडायचं असेल तर बाहेर जा, ग्लोव्हज भिजतील."

पाहुणे मिळाले, सर. अठरा पूर्ण झाल्यावर लग्नाच्या आधी मला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं. सोबत आत्याही होती, तिचीही सही राहिली होती. आमच्याकडे जमीन विकायची किंवा बांधायची वेळ आली की मुलींकडून हक्कसोड लिहून घेतात, ही काही नवी रीत नाही. मी थांबले तशी आई कानाशी म्हणाली, "कर गं सही. भावांशी वैर घेऊन काय मिलनार हाय तुला?" मी सही केली. गोडाऊन भावांचं झालं. तुम्ही ज्याच्या जोरावर माझी जागा काढून घेतलीत, त्यातला एक पत्राही माझा नव्हता. हे भिवंडीत राहणाऱ्या माणसाला ठाऊक नसावं? मुली शिकवायच्या आणि मुलींच्या नावावर काय असतं ते बघायचं नाही, हा कुठला मास्तर? आता मी पूर्ण्यातच दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये ड्युटी करते, दिवसभर पार्सलं स्कॅन करते. ड्युटीला जाताना भावांच्या गेटवरून जावं लागतं. वॉचमन मला सलाम करतो, ही त्यातल्या त्यात गंमत.

ती राज्याला गेली, मेडल घेऊन आली आणि पोलिसात लागली. तुम्ही वारलात त्या दिवशी ती तुमच्या दारात वर्दीतच आली होती, ड्युटीवरून थेट. तुमच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत होती. मग उठून माझ्याजवळ आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, मी तवा हात बघितला व्हता. मागंच उभी व्हती मी." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती डोळे पुसत म्हणाली, "बोलली असती तर गेली असती का मी?" माफी मागितली नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला तो तुमचा, आणि तुम्ही तर पट्टी बांधून पडला होतात.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. नवरा यायच्या आत फाडीन, त्याला वाटेल माहेरची काहीतरी कुरबूर. तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही, तशी समजूत करून घेऊ नका. फक्त एक सांगायचं राहून गेलंय. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की सरांनी मला नुसतं विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी आपणहून बाजूला झाले असते, मैत्रीण होती ती माझी. ते खरं नाही. तुम्ही मला खोलीत बोलावून सगळं समजावलं असतं, तिची आई, तिची मजुरी, तिचे अनवाणी पाय, तरी मी नाही म्हटलं असतं. आणि आज विचारलंत, तरी नाहीच म्हणेन, सर.