सातूचा स्विच आणि ती कल्पिता

५ मार्च
सापडला! सातूच्या दाण्यात अंकुराकडून सिग्नल आल्याशिवाय अमायलेजचं जीन चालू होत नाही, आणि अमायलेज नाही तर स्टार्च पचत नाही. हे बारावीच्या पोरालाही माहीत. माझ्या म्युटंट सातूचं जीन मात्र कायम चालू! अंकुर कापून दाणे स्टार्चच्या प्लेटवर ठेवले, नंतर आयोडीन ओतलं. प्लेट काळीनिळी आणि मध्येमध्ये पांढरे ठिपके. तिथला स्टार्च फस्त. साध्या सातूची प्लेट कपाटात झाकून होती, तिच्यावर काही नाही. जूनमध्ये फेलोशिप संपतेय. आता झक मारत वाढवतील.

६ मार्च
शेजारच्या टेबलावरची कल्पिता जळतेय. म्हणे, ठिपके दाण्याभोवती हवेत, तुझे प्लेटभर कसे रे? उघड्या प्लेटवर वाकून तिला अर्धा तास झापलं. एन्झाइम पसरतं, अक्कल नाही. त्या प्लेटवर तर दुप्पट ठिपके आले. बस बोंबलत!

८ मार्च, घाटकोपर
तेजलला जीन समजावलं. मी बोलायला लागलो की ही पोह्यांच्या बशीवर हात धरते. बायको म्हणून ठीक, विज्ञानात शून्य.

१२ मार्च
दोन दिवस ताप. तेवढ्यात कल्पितानं माझेच दाणे लावून पाहिले. एकही ठिपका नाही! गाईडना, म्हणजे मीरा मॅडमना, दाखवूनही आली. चोमडी. दाणे उकळले असणार. संकल्प: शांत राहायचं.

१३ मार्च
राहिलो नाही. तिनंच सुरुवात केली. पण माझ्या प्लेटवर पुन्हा ठिपके! सोमवारी मॅडमसमोर फैसला. वाट लावतो तिची.

१६ मार्च, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. कल्पिता आज संपली.

१६ मार्च, संध्याकाळी
कल्पितानं माझ्यापुढे उघडी प्लेट ठेवली आणि म्हणाली, तुझं म्हणणं नीट सांग. सांगितलं. सिग्नल, जीन, तिची अक्कल, तिचं खानदान, सगळं. मॅडम खुर्ची मागे सरकवत ऐकत होत्या. तासाभरानं तिनं आयोडीन ओतलं. ठिपकेच ठिपके! मी टाळी वाजवली.

मॅडमनी विचारलं, यात दाणे कुठायत?

नव्हतेच.

अमायलेज लाळेतही असतं. हेही बारावीच्या पोराला माहीत.

फेलोशिप वाढणार नाही. मॅडमनी मास्क दिला. फालतूपणा.

घरी तेजलला अगदी हळू आवाजात सगळं सांगितलं. तरी तिनं ताटावर हात धरलाच.