मन्सूरच्या कानाशी

मेसईद, कतार
ता. ९ जानेवारी १९५९

प्रिय सौ. मार्था हीस,

सप्रेम सलाम वि. वि. प्रभुकृपेने मी बरा आहे. तुझं नाताळचं पत्र आणि करुणाने सोबत घातलेला निबंध परवा पोचले. लेकीला सांग, निबंधात बापाला चार वेळा ‘थोर’ म्हणू नये, एकदा पुरे.

इथे सुटी शुक्रवारी, तेव्हा शुक्रवारची उपासना चालू आहे. आम्ही अकरा जण मेसच्या कोठीत पिठाच्या गोण्यांवर बसतो. गाणं बाहेर ऐकू जाता कामा नये अशी तेल कंपनीच्या साहेबांची अट, म्हणून स्तोत्रं पुटपुटतो. प्रेसबिटरीच्या सभेने मला नव्या मुलखातला पहिला पाळक म्हणून धाडलं खरं, पण इथल्या कागदावर मी दवाखान्यातला कंपाउंडरच.

वाईट बातमी अशी की कॅम्पात देवीची साथ आली आहे. आजाऱ्यांना लांब वाळूत तंबूत ठेवलंय. मला लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यामुळे आत जाण्याची परवानगी डॉक्टरांनी मला एकट्यालाच दिली आहे. आत तिघे आहेत. त्यातला एक आपल्या साखरतरचा मन्सूर मुकादम, क्रेन चालवणारा. मराठी बोलायला मिळावं म्हणून हा माणूस खोकला नसताना खोकल्याचं औषध न्यायला यायचा. त्याची बायको रबिया विचारायला आली तर ताप आहे, एवढंच सांग.

काळजी करू नये.

तुझा,
एज्रा


रत्नागिरी
ता. २६ जानेवारी १९५९

ती. करुणाच्या बाबांस,

सा. सलाम वि. वि. काळजी करू नये असं लिहिल्याने कुणाची काळजी थांबली आहे का?

रबिया आली होती. सातवा महिना लागलाय, तरी होडीने खाडी उतरून पुढे चालत आली. ताप आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली की ताप माझ्या घोवाला, मग तोंड तुमचं का उतरलंय. मी उठून चहा केला.

प्रेसबिटरीचे चिटणीसही येऊन गेले. इथे मे महिन्यात नवे पाळक येणार. पण तुमचं नाव पाळकांच्या यादीत आहे तोवर मंडळीच्या या घरात आम्ही राहू शकतो, नवे पाळकच मागच्या खोल्यांत भागवतील, असं म्हणाले. तेव्हा कृपा करून त्यांना डिवचणारं काही लिहू नका. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

जेवणाची हयगय नको.

आपली,
मार्था


मेसईद
ता. ८ फेब्रुवारी १९५९

प्रिय सौ. मार्था हीस,

सप्रेम सलाम. मन्सूर गेला. रबियाला कंपनीची तार पोचली असेल.

शेवटच्या दिवशी त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. कानावर कलमा पडल्याशिवाय मला जाऊ देऊ नका, असं तो सारखं म्हणत होता. त्याचा खोलीसोबती इकबाल तंबूभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे, तीस पावलांवर उभा होता. त्याने डॉक्टरांचे पाय धरले, पण आत सोडलं नाही. तो तिथूनच ओरडून म्हणू लागला. इथल्या उत्तरेच्या वाऱ्यात ते मन्सूरपर्यंत पोचेना. मी तंबूच्या तोंडाशी जाऊन शब्द ऐकायचो आणि परत येऊन त्याच्या कानाशी म्हणायचो. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्याचे ओठ हलले. मग संपलं.

तेव्हापासून मला नीट प्रार्थना करता आलेली नाही. शुक्रवारी मी प्रभुभोजन दिलं नाही, तब्येतीचं निमित्त सांगितलं. हे प्रेसबिटरीला कळवावं असं वाटतं. पण डोक्यावरचं छप्पर तुझं आणि करुणाचं आहे, म्हणून आधी तुला विचारतो.

एज्रा


रत्नागिरी
ता. २५ फेब्रुवारी १९५९

ती. करुणाच्या बाबांस,

सा. सलाम वि. वि. तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी करुणाशीसुद्धा धड बोलले नाही. ख्रिस्ती पाळकाने दुसऱ्या धर्माचा कलमा म्हणावा? मग वाटलं, कुणाला कळवायचं नाही, पत्र चुलीत घालायचं.

तिसऱ्या दिवशी रबिया आली. रडली नाही. तिला एकच विचारायचं होतं, शेवटी त्याच्या कानावर कलमा पडला का? तारेत ते नव्हतं. माहीत नाही, असं म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं. तिने पोटावर हात धरला होता. मी सांगितलं. कुणी म्हटला तेही सांगितलं. तिने माझे हात डोळ्यांना लावले.

चार दिवसांत गोष्ट गावभर झाली. चिटणीस रागाने आले, पण जाताना वाट सांगून गेले. तुम्ही इतकंच लिहून द्यायचं की शब्द इकबालचे होते, तुम्ही केवळ निरोप्या होतात, आणि झाल्याचा खेद आहे. मग यादीतलं नाव राहील. नाहीतर घर सोडावं लागेल. लिहून द्या. ते खोटंही नाही.

आपली,
मार्था


मेसईद
ता. १४ मार्च १९५९

प्रिय सौ. मार्था हीस,

सप्रेम सलाम. ते खोटं आहे. मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

तिसऱ्यांदा इकबालचा आवाज आलाच नाही. त्याचा घसा बसला होता, तो वाळूत गुडघे टेकून रडत होता. मन्सूर वाट बघत होता. दोनदा ऐकून तोवर शब्द मला पाठ झाले होते. ते मी माझ्या तोंडाने म्हटले, सावकाश, चुकू नये म्हणून जपून. ते माझ्या विश्वासाचे शब्द नाहीत, आणि माझा विश्वास प्रभूवरच आहे. पण निरोप्या होतो असं कसं लिहू? मला खेद वाटतो का, हे रोज तपासतो. घराचा वाटतो. ते शब्द म्हटल्याचा वाटत नाही.

सोबत प्रेसबिटरीसाठी पत्र ठेवलं आहे, उघडंच. द्यायचं की नाही, ते तू ठरव.

एज्रा


रत्नागिरी
ता. ६ एप्रिल १९५९

ती. करुणाच्या बाबांस,

सा. सलाम वि. वि. पत्र मी टपालाने पाठवलं नाही. स्वतः घेऊन गेले आणि सभेत उभी राहून वाचलं. तिसऱ्या वेळेचंही गाळलं नाही. सभेतल्या एका म्हाताऱ्या वडीलधाऱ्याने डोळे पुसले, आणि हात मात्र नाव काढण्याच्याच बाजूने वर केला. तुमचं नाव यादीतून गेलं.

घर या महिनाअखेर सोडायचं आहे. मला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं काम मिळालंय, शाळेमागच्या दोन खोल्याही. करुणाने वर्गात एका मुलीचा चावा घेतला. ती मुलगी तुमच्याबद्दल वाईट बोलली होती म्हणे. मी रागावले, पण फार नाही. रबियाला मुलगी झाली.

शुक्रवारची माणसं आता पाळक नसलेल्या माणसाकडे येतात का, ते कळवा. आले तर त्यांना परत पाठवू नका.

मला अर्धं लिहिलंत, याचा राग अजून आहे. तो तुम्ही आल्यावर समोर बसून काढीन, तेव्हा लवकर या. लोभ आहे तेवढाच आहे.

तुमची,
मार्था